अ‍ॅग्रिकोला पहिल्यांदा खेळताय? बॉक्स उघडायच्या आधी हे वाचून घ्या

अ‍ॅग्रिकोला म्हणजे टेबलावरची शेती. दोन माणसांचं कुटुंब, दोन खोल्यांचं लाकडी घर, बाजूला मोकळी जमीन आणि चौदा राऊंड, एवढ्यात नांगरायचं, पेरायचं, कुंपण घालायचं, जनावरं सांभाळायची, घर वाढवायचं आणि मधेमधे सगळ्यांना जेवू घालायचं. उवे रोझेनबर्ग या जर्मन डिझायनरने २००७ साली हा बोर्ड गेम काढला, २००८ मध्ये श्पील देस यारेस या जर्मनीतल्या बोर्ड गेम पुरस्काराच्या ज्युरीने त्याला कॉम्प्लेक्स गेम म्हणून स्पेशल अवॉर्ड दिलं, म्हणजे बसल्या बसल्या कळेल असा हा गेम नाही हे आधीच लक्षात घ्या. गोष्ट साधारण १६७० च्या मध्य युरोपातली आहे, प्लेग सरलाय आणि लोक परत शेतीला लागलेत.

आमच्याकडे इंदिरानगरला मी बऱ्याच नवीन लोकांना हा गेम शिकवलाय. नाशिकच्या माणसाला नांगरणी-पेरणी-सुगी समजावून सांगावी लागत नाही, अर्ध्या लोकांचं गाव निफाड नाहीतर दिंडोरीकडे असतंच. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी, कशाच्या नंतर काय करायचं ते कळत नाही, मग सातव्या राऊंडला घरात खायला काही नाही, जमीन पडीक, आणि माणूस म्हणतो हा गेम आपल्यासाठी नाही. तसं अजिबात नाहीये. क्रम एकदा बसला की गेम मस्त उलगडत जातो, म्हणून इथे मुख्यतः क्रमच सांगते: आधी जेवणाची सोय, मग घरात माणूस वाढवायचं, मग पडीक जमीन भरायची.

१. बॉक्स घेताना नाव पूर्ण वाचा

ऑनलाइन शोधलं की अ‍ॅग्रिकोला नावाचे चार-पाच वेगवेगळे बॉक्स येतात आणि इथेच खूप जणांचा घोळ होतो. तुम्हाला हवाय तो मेन गेम, २०१६ ची रिवाइज्ड एडिशन, १ ते ४ खेळाडू. त्याच वर्षी फॅमिली एडिशन पण आली, ती सोपी केलेली आहे, घरात लहान मुलं असतील तर चांगलीच आहे पण हा लेख तिच्यासाठी नाही. ऑल क्रीचर्स बिग अँड स्मॉल हा फक्त दोघांचा वेगळा गेम आहे. आणि आर्टिफेक्स डेक, ब्यूबल्कस डेक असं काही दिसलं तर ती नुसती जास्तीची कार्डं आहेत, मेन बॉक्स नसेल तर त्यांचा काही उपयोग नाही.

२००७ चा जुना बॉक्स कुणाकडे सेकंडहँड मिळाला तरी चालेल, तो ५ जणांपर्यंत खेळता येतो, फक्त त्यात जनावरं म्हणजे रंगीत चौकोनी ठोकळे आणि बाकीचा माल गोल चकत्या असतात, नवीन माणसाला सारखं विचारावं लागतं की हे डुक्कर का गाय. नव्या एडिशनमध्ये मेंढी मेंढीसारखी दिसते, शिकवताना याने खूप फरक पडतो. पैसे घालवायच्या आधी चाखून बघायचा असेल तर बोर्ड गेम अरेनावर हा गेम ऑनलाइन आहे, तिथे नियम तोडताच येत नाहीत त्यामुळे शिकायला बरं पडतं.

२. टेबलावर काय काय लागतं

- डायनिंग टेबल पूर्ण रिकामं. चार जणांचे चार फार्म बोर्ड, मधे मेन बोर्ड आणि बाजूला मालाचे ढीग, टीपॉयवर मावत नाही.
- सात-आठ छोट्या वाट्या. लाकूड, माती, रीड (म्हणजे बोरू), दगड, धान्य, भाजी, फूड सगळं वेगवेगळं ठेवा, एका ढिगातून शोधत बसलात की गेम तासभर लांबतो.
- प्रत्येकाला पॉइंट्सचा तक्ता. बॉक्समध्ये असतो, पण मी मोबाइलवर फोटो काढून सगळ्यांना पाठवून ठेवते.
- कागद-पेन, हिशोबाला.
- कार्डांना प्लॅस्टिकचे स्लीव्ह. सक्ती नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर येऊन सगळे घरी बसतात तेव्हाच हा गेम सगळ्यात जास्त निघतो आणि त्याच दमट हवेत कार्डं वाकतात.
- चिवडा खायचा तर चमचा. तेलकट हात कार्डांना लावू नका, एवढंच.

वेळेचं म्हणाल तर माणशी अर्धा तास धरतात, पण पहिल्या वेळी शिकवण्यासकट तिघांना तीन तास आरामात लागतात, तेव्हा रात्री दहाला सुरू करू नका.

३. गेम चालतो कसा

प्रत्येक राऊंडला बोर्डवर एक नवीन अ‍ॅक्शनचं कार्ड उघडतं. फॉरेस्ट, क्ले पिट, रीड बँक, फिशिंग अशा जागांवर दर राऊंडला माल टाकतात, कुणी उचलला नाही तर तो साचत जातो. मग एकेक जण आपलं एक माणूस एका जागेवर ठेवतो आणि तिथलं काम लगेच करतो, असं सगळ्यांची सगळी माणसं संपेपर्यंत. एका जागेवर एकच माणूस. तुम्ही रीड उचललं की त्या राऊंडला दुसऱ्या कुणाला ते मिळणार नाही, आणि या गेममधलं सगळं भांडण एवढंच आहे, कुणी कुणाचं शेत उद्ध्वस्त करत नाही, कुणाची गाय चोरत नाही, फक्त जागा आधी अडवतात.

राऊंड संपला की माणसं घरी. असे चौदा राऊंड. म्हणजे दोनच माणसं शेवटपर्यंत ठेवलीत तर अख्ख्या गेममध्ये तुम्हाला २८ कामं करायला मिळतात, आणि करायच्या गोष्टी त्याच्या दुप्पट असतात. हा २८ चा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

४. पहिल्या गेमला हातातली कार्डं बाजूला ठेवा

बॉक्समध्ये ऑक्युपेशन (व्यवसाय) आणि मायनर इम्प्रूव्हमेंट (छोट्या सुधारणा) अशी दोन प्रकारची कार्डं असतात, प्रत्येकाला दोन्हीची सात-सात देतात. नवीन माणसाच्या हातात ही चौदा कार्डं दिली की तो ती वाचण्यातच अडकतो आणि समोरच्या बोर्डकडे बघतच नाही. त्यामुळे पहिला गेम या कार्डांशिवायच खेळा, फक्त मेजर इम्प्रूव्हमेंटची दहा कार्डं, ज्यात चूल-भट्टी-विहीर येतात, ती मधे सगळ्यांसाठी उघडी ठेवा. कुणी म्हणेल कार्डांशिवाय मजा नाही, पण चूल कधी घ्यायची हेच माहीत नसताना कार्डं घेऊन काय करणार, ते तरी सांगा.

५. हार्वेस्टचे राऊंड पाठ करा, बाकी सगळं त्याच्यावरून ठरतं

हार्वेस्ट म्हणजे सुगी, सहा वेळा येते: राऊंड ४, ७, ९, ११, १३ आणि १४ च्या शेवटी. आकडे नीट बघा. पहिल्या सुगीला चार राऊंड मिळतात, मग तीन, मग दोन-दोन, आणि शेवटच्या दोन तर लागोपाठ. नवखा माणूस पहिल्या चार राऊंडवरून अंदाज बांधतो की एवढा वेळ दर वेळी मिळणार, आणि नवव्या राऊंडला कोंडीत सापडतो.

सुगीत तीन गोष्टी याच क्रमाने होतात. आधी प्रत्येक पेरलेल्या शेतातून एक-एक दाणा किंवा भाजी घरात येते, मग माणसांना जेवण, मग जनावरांची पिल्लं. जेवण माणशी २ फूड. त्याच राऊंडला जन्मलेल्या बाळाला १. फूड कमी पडलं तर प्रत्येक कमी पडलेल्या फूडमागे एक भिकेचं कार्ड मिळतं आणि त्याचे वजा ३ पॉइंट्स, जे गेमभर काही केल्या जात नाहीत. जेवणाचा क्रम पिल्लांच्या आधी आहे हे विसरू नका, दोन मेंढ्यांपैकी एक शिजवलीत तर पिल्लू कुठून होणार.

पहिली सुगी सोपी आहे. सुरुवात करणाऱ्याला २ फूड मिळतात, बाकीच्यांना ३, आणि दोन माणसांना लागतात ४. म्हणजे फिशिंगला एकदा गेलात किंवा डे लेबररला, म्हणजे मजुरीला, जाऊन २ फूड घेतलेत की झालं. इथे घाबरून चार वेळा फूड गोळा करत बसू नका, त्या चार राऊंडची आठ कामं सोन्याची आहेत, ती लाकूड आणि रीड आणण्यात घाला.

६. चूल लवकर मांडा

कच्चं धान्य किंवा कच्ची भाजी खाल्ली तर १ फूड मिळतं, कच्चं जनावर खाताच येत नाही. फायरप्लेस म्हणजे साधी चूल, २ किंवा ३ मातीला मिळते, आणि ती आली की मेंढी २, डुक्कर २, गाय ३, भाजी २ फूड. हेच पुढे कुकिंग हार्थ केलंत, ४ किंवा ५ मातीला नाहीतर चूल परत करून, तर डुक्कर ३, गाय ४, भाजी ३. मेंढ्यांच्या जागेवर तीन राऊंड कुणी गेलं नाही तर तिथे तीन मेंढ्या साचतात, चूल असेल तर एका कामात ६ फूड, म्हणजे तीन माणसांचं एक जेवण. चूल नसेल आणि ठेवायला जागाही नसेल तर त्याच मेंढ्या सोडून द्याव्या लागतात.

आता एक गोष्ट जी रूलबुकमध्ये नाही पण आपल्याकडे दर दुसऱ्या टेबलावर निघते. घरात सगळे शाकाहारी असतात, गाय शिजवायची म्हटलं की काकू पानावरून उठल्यासारख्या टेबलावरून उठतात. त्यांना जबरदस्ती करू नका आणि हा नुसता गेम आहे असं म्हणून गप्पही करू नका, कारण भाकरीच्या रस्त्याने हा गेम व्यवस्थित खेळता येतो. जनावर शिजवायची सक्ती कुठेच नाही. गाय गोठ्यात पॉइंट्ससाठी ठेवायची, जास्तीची सोडून द्यायची. फूडसाठी भट्टी: क्ले ओव्हनला ३ माती १ दगड, एका वेळी एका धान्याचे ५ फूड. स्टोन ओव्हनला १ माती ३ दगड, एका वेळी दोन धान्यांचे ४-४ म्हणजे ८ फूड. साधी चूल पण धान्य भाजून देते, एकाचे २. लक्षात फक्त एवढं ठेवायचं की भाजायचं काम केव्हाही करता येत नाही, त्याच्यासाठी ग्रेन युटिलायझेशनच्या जागेवर माणूस पाठवावं लागतं, किंवा भट्टी बांधली त्या क्षणी एकदा भाजता येतं, तेव्हा भट्टी घेताना हातात धान्य असू द्या. आणि दगडाची पहिली खाण राऊंड ५ ते ७ मध्ये उघडते, तोवर मासे नाहीतर मजुरी.

पेरणीचा हिशोब: एक धान्य पेरलं की वर दोन आणखी ठेवतात, शेतात तीन होतात. भाजी पेरली की एक आणखी, एकूण दोन. दर सुगीला एकेक निघतं. माझे मामा निफाडकडचे, त्यांना मी हा गेम शिकवत होते तेव्हा चौथ्या राऊंडला त्यांच्याकडे एकच धान्य होतं आणि एक फूड कमी पडत होतं, मी म्हटलं खाऊन टाका, तर म्हणाले बी खायचं नसतं गं, आणि आपलं शेवटचं माणूस लाकडाऐवजी मजुरीला पाठवलं. पुढच्या राऊंडला तेच धान्य पेरलं, सातव्या, नवव्या आणि अकराव्या सुगीला एकेक करून तीन निघाले. बरोबर खेळले ते.

७. खोली आधी, मग मूल

२८ कामांचा आकडा वाढवायचा एकच खरा मार्ग, घरात माणूस वाढवणं. मूल होण्याचं कार्ड, बेसिक विश फॉर चिल्ड्रन, राऊंड ५, ६ किंवा ७ मध्ये केव्हातरी उघडतं, पण त्याला अट आहे: माणसांपेक्षा खोल्या जास्त हव्यात. म्हणजे पाचव्या राऊंडच्या आसपास तिसरी खोली तयार पाहिजे. लाकडी खोलीला ५ लाकूड आणि २ रीड. लाकूड फॉरेस्टला दर राऊंडला तीन येतं, रीड मात्र एकच येतं आणि सगळ्यांना तेच हवं असतं. म्हणून पहिल्या दोन राऊंडमध्ये रीड बँकेवर लक्ष ठेवा, तिथे दोन रीड दिसली की बाकी सगळं सोडून उचला.

हिशोब बघा. सहाव्या राऊंडला मूल झालं तर ते सातव्यापासून कामाला लागतं, म्हणजे ८ जास्तीची कामं. खातं किती, तर ७, ९, ११, १३, १४ अशा पाच सुगींना दोन-दोन म्हणजे १० फूड. वर शेवटी त्याचे ३ पॉइंट्स. १० फूडच्या बदल्यात ८ कामं, याच्याइतका चांगला सौदा अख्ख्या गेममध्ये दुसरा नाही.

पण मुलाची जागा राऊंडला एकालाच मिळते. तिघंजण खोली बांधून बसले असतील तर पहिला जाणारा घेऊन जातो, म्हणून आदल्या राऊंडला मीटिंग प्लेसला जाऊन सुरुवात आपल्याकडे घ्या. नवीन लोक ही जागा फुकट वाटून सोडून देतात, आणि पाचव्या राऊंडच्या आधी तीच सगळ्यात महत्त्वाची असते.

बारा-तेराला आणखी एक कार्ड उघडतं, त्यात खोली नसली तरी मूल होतं. चौदाव्या राऊंडला घेतलं तर ते बाळ खातं फक्त १ फूड आणि देतं ३ पॉइंट्स. माणसं जास्तीत जास्त पाच.

८. पंधरा चौकोन सुरुवातीलाच वाटून घ्या

तुमच्या फार्म बोर्डवर तीन आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा, पंधरा चौकोन. दोन घराने खाल्लेले, तेरा रिकामे. शेवटी रिकामा राहिलेला प्रत्येक चौकोन वजा १. एकदा नांगरलेलं शेत किंवा घातलेलं कुंपण हलवता येत नाही, म्हणून कुठे काय येणार ते पहिल्याच राऊंडला ठरवा.

नवीन माणसाला मी हीच मांडणी देते, ४ खोल्या, ५ शेतं, ६ चौकोनांचं कुरण, बरोब्बर पंधरा. घर डावीकडच्या रांगेत खाली आहे. तिसरी खोली त्याच रांगेत सगळ्यात वर, चौथी तिच्या शेजारी उजवीकडे. उजवीकडच्या तीन रांगांच्या वरच्या दोन ओळी म्हणजे सहा चौकोन कुरणाला. उरलेले पाच चौकोन, चौथ्या खोलीखालचे दोन आणि तळाच्या ओळीतले तीन, सगळे एकमेकांना चिकटून, ती शेतं. नियमात शेताला शेत आणि कुरणाला कुरण लागूनच हवं, ते यात आपोआप होतं.

कुंपणाचे तुकडे एकूण १५ असतात, एकाला १ लाकूड, आणि बोर्डाच्या कडेलाही कुंपण घालावं लागतं, कड म्हणजे फुकट भिंत नाही. सहा चौकोनांच्या भोवती लागतात १०. मधे उभ्या दोन रेघा, प्रत्येकी दोन तुकड्यांच्या, ४. उरला एक, त्याने एका कुरणाचे दोन करायचे. १५ तुकड्यांत ४ कुरणं, आणि चार कुरणांचे पूर्ण ४ पॉइंट्स. प्रत्येक चौकोनात दोन जनावरं मावतात, एका कुरणात एकाच जातीची, म्हणजे मेंढ्या, डुकरं, गायी वेगवेगळ्या राहतात आणि एक कुरण वर उरतं. तबेला बांधलात, २ लाकडाला एक, तर त्या कुरणाची जागा दुप्पट. सगळं कुंपण एकदम घालायची गरज नाही, आधी दोन-चार चौकोन बंद करा, नंतर आत वाढवा, फक्त जे घालाल ते पूर्ण बंद झालं पाहिजे.

९. पॉइंट्स: सगळं थोडं थोडं

काहीच न करता बसलात तर हिशोब असा: शेतं, कुरणं, धान्य, भाजी, मेंढी, डुक्कर, गाय या सातही ठिकाणी वजा १, तेरा पडीक चौकोनांचे वजा १३, दोन माणसांचे अधिक ६. एकूण वजा १४. तुम्ही खड्ड्यातून वर येताय असं समजूनच खेळा.

द्राक्ष बागायतदाराचं डोकं इथे चालत नाही. सगळी ताकद एका पिकावर लावून त्यातच जिंकायचं असं इथे होत नाही, इथे कोरडवाहू घराचं डोकं लागतं, थोडं धान्य, परसात भाजी, दोन-चार मेंढ्या, दारात एखादी गाय. कारण पहिली भाजी तुम्हाला वजा १ वरून अधिक १ वर नेते, म्हणजे दोनचा फायदा, आणि पाचवी भाजी काहीच देत नाही, चारला पट्टी संपते. एकच गाय असली तरी १ पॉइंट, दोन-तीनला २, चार-पाचला ३, सहाला ४. मेंढ्यांना पूर्ण चारसाठी आठ लागतात, धान्यालाही आठ. शेतात उभं असलेलं धान्य पण मोजतात, त्यामुळे बारा-तेराला पेरलेलं वाया जात नाही. शेतं मात्र दोन झाल्याशिवाय वजाच राहतात.

घराचे पॉइंट्स नवीन लोक विसरतातच. लाकडी खोलीला शून्य, मातीच्या खोलीला १, दगडी खोलीला २. चार खोल्यांचं घर मातीचं करायला ४ माती आणि फक्त १ रीड, मग दगडी करायला ४ दगड आणि १ रीड. दोन कामांत ८ पॉइंट्स. विहीर, १ लाकूड ३ दगड, एकटी ४ पॉइंट्स देते आणि पुढच्या पाच राऊंडला एकेक फूड पण.

शेवटच्या तीन राऊंडला तक्ता समोर ठेवा आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा, याने किती पॉइंट्स वाढतात. वजा १ वाली कुठलीही ओळ दिसली की ती आधी.

१०. टेबलावर हमखास चुकणारे नियम

सुरुवात करणारा दर राऊंडला आपोआप बदलत नाही, कुणी मीटिंग प्लेसला गेलं तरच बदलतो. पत्ते खेळायच्या सवयीने सगळे डावीकडे फिरवत राहतात, पहिल्याच राऊंडला सांगून ठेवा.

नवजात बाळ त्या राऊंडला काम करत नाही. घर लाकडी असेल तर नवी खोली पण लाकडीच, मातीचं झाल्यावर मातीचीच, आणि लाकडावरून थेट दगडावर उडी नाही. घर बदलायचं तर सगळ्या खोल्या एकदम.

पिल्लं एका जातीत दोन जनावरं असली काय आणि सहा असली काय, सुगीला एकच. ठेवायला जागा नसेल तर तेही नाही, आणि ते लगेच शिजवता येत नाही. घरात एक जनावर पाळता येतं, कुंपणाबाहेरच्या तबेल्यातही एक, त्यामुळे कुंपण नाही म्हणून एकुलती एक मेंढी सोडून देऊ नका.

भाजी राऊंड ८ किंवा ९ ला येते, गाय १० किंवा ११ ला. तोवर ती कुठे आहे म्हणून शोधू नका, पण त्या राऊंडला त्यासाठी शेत आणि कुरण तयार ठेवा.

११. दुसऱ्या गेमपासून कार्डं, आणि एकट्याने सराव

कार्डं घेतलीत की चौदाच्या चौदा खेळायच्या भानगडीत पडू नका. हातातली बघून फूड देणारी एक-दोन आणि लाकूड किंवा रीड वाचवणारी एक-दोन बाजूला काढा, बाकीची विसरा. ऑक्युपेशन खेळायची जागा म्हणजे लेसन्स, तिथे पहिलं फुकट, पुढचं प्रत्येक १ फूडला, तीन-चार जणांच्या बोर्डवर लेसन्सच्या ज्यादा जागा असतात त्यांचा दर जागेवरच छापलेला असतो तो वाचा. ऑक्युपेशन पहिल्या तीन-चार राऊंडमध्ये खेळलात तरच वसूल होतं, अकराव्या राऊंडला सुचलेलं कार्ड बहुतेक वेळा हातातच राहिलेलं बरं.

कुणी जमलं नाही तर एकट्याने खेळा, क्रम पक्का व्हायला याच्यासारखं काही नाही. एकट्याच्या गेममध्ये सुरुवातीला फूड शून्य, मोठ्या माणसाला दर सुगीला २ ऐवजी ३ फूड, आणि फॉरेस्टला तीनऐवजी दोनच लाकडं येतात, पण जागा अडवायला दुसरं कुणी नसतं. रूलबुकमधल्या सोलो सिरीजमध्ये पहिल्या गेमचं टार्गेट ५० पॉइंट्स आहे. कार्डांशिवाय तिशीत आलात तरी पुढच्या रविवारी चौघांत बसायला हरकत नाही.